मदत हवी आहे : भीमाकाठच्या उथळ दलदलीतील वनस्पतींची नोंद

नमस्कार. मी सोलापूरला राहतो आणि गेल्या पावसाळ्यापासून भीमेच्या पूरमैदानातील एका उथळ पाणथळ जागेतील वनस्पतींची नोंदवही ठेवत आहे. काठच्या चिखलात लव्हाळा व नागरमोथा, गुडघाभर पाण्यात पाणकणसाची दाट रांग आणि त्यापुढे खोलगट भागात कुमुदाची तरंगती पाने व तळाशी हायड्रिला, असे पट्टे पाण्याच्या खोलीप्रमाणे स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यात पाणी ओसरून गाळपेराची (ओसरलेल्या पाण्याखालून उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवरील शेतीची) नांगरणी जवळ आली की हे पट्टे सरकतात. त्यातच मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ‘बेशरम’ या झुडपाने लव्हाळ्याची बरीच जागा व्यापली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिली अडचण पाणकणसाची आहे. ज्या कणसात वरचा नरफुलांचा भाग आणि खालचा तपकिरी मादीफुलांचा भाग यांच्यामध्ये बोटभर उघडी दांडी दिसते, ते मी अरुंद पानांच्या जातीचे समजतो. एवढ्या खुणेवर जात ठरवावी, की परागकण सुटे आहेत की चौघांच्या गटात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक आहे?

दुसरे म्हणजे, वनस्पती मोजण्यासाठीच्या एक मीटरच्या चौकटी काठापासून आत सरळ रेषेत टाकाव्यात, की प्रत्येक पट्ट्यात स्वतंत्रपणे? पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा नोंद पुरेल का?

प्रत्यक्ष असे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. कणसांची छायाचित्रे तयार आहेत.