स्कॅजिटवरून स्कँडीकडे जाताना हेडचं वजन तेवढंच ठेवायचं का?

अ‍ॅबरडीनकर
कृत्रिम माशी टाकून सामन मासे धरण्यासाठी (फ्लाय फिशिंग) १३ फुटी, ७/८ नंबरचा दोन हाती रॉड. स्कॉटलंडमधल्या डी नदीवर सध्या ५४० ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) २३ फुटी स्कॅजिट हेड (हेड म्हणजे फेकीला भार देणारा दोरीचा पुढचा भाग; स्कॅजिट हा त्यातला आखूड, जड प्रकार) आणि १० फुटी तरंगती टिप (हेडच्या पुढचा तुकडा) लावतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हे हेड फार आपटतं, सामन बिचकतात. स्कँडी (लांब, बारीक टोकाचं हेड) घ्यायचंय. तेही ५४० चंच घेऊ का? लांबी ३४ फूट की ४०? मागे झाडं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं लागतं.

मधला डोह
५४० नको. त्याच रॉडला स्कँडी साधारण ३० ते ६० ग्रेन हलकं लागतं. ४८० पासून सुरुवात करा. स्कॅजिटमध्ये अँकर (फेकीआधी पाण्याला धरून राहणारं दोरीचं टोक) पाण्यात रुतलेला असतो आणि हेड संथपणे, न थांबता फिरवत रॉडवर भार चढवायचा असतो. स्कँडीत अँकर पाण्याला टेकताच खालच्या हाताने छोटा, कडक झटका द्यायचा. तेवढ्याशा हालचालीत जड हेड रॉडला पार मुठीपर्यंत वाकवतं, टोक वेळेवर सरळ होत नाही आणि लूप (हवेत पुढे जाणाऱ्या दोरीचा वळसा) रुंद पडतो.

पाकिटावरच्या आकड्याचाही घोळ असतो. स्कॅजिटच्या आकड्यात टिप धरलेली नसते. ५४० ला १० फूट टी-११ (बुडणारी टिप) जोडली की फुटाला ११ ग्रेनप्रमाणे एकूण ६५० झाले. टिप बदलता येणाऱ्या स्कँडीत मात्र आकडा टिपसकट आहे का, ते वाचून घ्या. शंका असेल तर ग्रॅमच्या काट्यावर ठेवा: १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, म्हणून ४८० ग्रेन साधारण ३१ ग्रॅम भरायला हवेत.

लांब दोरी
वजनाचं पटलं. पण तुमच्या जागेत लांबी जास्त महत्त्वाची. स्कँडी हेड रॉडच्या अडीच ते तीन पट, म्हणजे तुम्हाला ३२ ते ३९ फूट. कमरेएवढ्या पाण्यात रॉडची उंची तीन-साडेतीन फुटांनी कमी झाल्यासारखीच असते, त्यामुळे ४० फुटी हेड पूर्ण उचललं जात नाही. अँकर मागे राहून चिकटतो, सगळा जोर तो सोडवण्यातच जातो. शिवाय डी-लूप (फेकीआधी रॉडमागे बनणारा दोरीचा वळसा) झाडांत शिरतो. ३४ च घ्या.

लीडरवर (हेडपासून माशीपर्यंतची बारीक दोरी) कंजुषी नको. ३४ फुटीला १३ ते १५ फुटांचा निमुळता नायलॉन लावा. नऊ फुटी लावलात तर पाण्यावर पकड राहत नाही, अँकर सुटतो, माशी मागे उडते, आणि लोक दोष हेडला देतात. हेडचा मागचा जोड टॉपरिंगच्या (रॉडच्या टोकाच्या कडीच्या) दोनेक फूट बाहेर असू द्या.

अ‍ॅबरडीनकर
वारा प्रवाहाच्या दिशेने असेल तर? आत्ता डबल स्पे (दोरी पाण्यावरूनच वळवून टाकायच्या फेकींपैकी एक) करतो.

मधला डोह
डबल स्पे चालेल, पण अँकर टेकवून रेंगाळू नका. पातळ पुढचा भाग बुडाला की उचल जड होते. अशा वाऱ्यात स्कँडीला स्नेक रोल जास्त मानवतो. प्रवाहाविरुद्ध वारा असेल तर सिंगल स्पे. अँकर नेहमी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूलाच, नाहीतर माशी अंगावर येते.

आणि स्कॅजिट विकू नका. फेब्रुवारीतल्या भरल्या पाण्यात टी-१४ (टी-११ पेक्षा जड टिप) आणि जड ट्यूब फ्लाय (नळीवर बांधलेली माशी) उलटवायची ताकद स्कँडीच्या बारीक टोकात नसते.