शेवग्यावरचे सुरवंट: तिसरा दिवस, खाज थांबेना

अनगोळकर
रविवारी दुपारी परसातल्या शेवग्याचा पाला काढत होतो, भाजीसाठी. बुंध्याला खांदा टेकला. पावसानं सालीवर शेवाळ धरलंय असं वाटलेलं, तर ते शेवाळ हललं की ओ! केसाळ सुरवंट, एकाला एक चिकटून, पन्नासएक तरी असतील. खांद्यापासून मानेपर्यंत गांधी उठल्या. आईनं पंचानं खसाखसा पुसलं, वर खोबरेल चोळलं. सोमवारी जरा बरं होतं, आज अंघोळ झाल्यावर पुन्हा पाठभर आग. शेजारचे अण्णा म्हणतात, ‘कंबळी हुळ’ ते (कानडीत केसाळ सुरवंट), चिंध्या पेटवून बुंध्याला लाव. बायको म्हणते झाडच तोडा. झाड आईनं लावलेलं आहे. काय करू?

खानापूरची मावशी
पुसलं तिथंच चुकलं. केस कातडीत मोडून बसतात, चोळलं की आणखी आत. चिकटपट्टी दाबायची नि उचलायची, दरवेळी नवा तुकडा. मग साबण-पाणी, वर बर्फ. डोळ्यात गेलं तर चोळू नका, पाणी मारा आणि सरळ डॉक्टर गाठा. धाप लागली, ओठ सुजले तरी तेच.
आणि तो पंचा अजून वापरताय काय?

निपाणीवाला
चिंध्या नकोत, साल भाजेल. हे सुरवंट रात्री पाला खायला वर चढतात, दिवसा बुंध्यावर गोळा होतात. तेव्हा दुपारीच उरका. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल. लांब दांड्याच्या खराट्यानं साबणाच्या पाण्यात पाडा. टाकलेल्या कातीलाही केस असतात, हातानं झाडू नका. औषध मारलंत तर पाला खायचा नाही.
एरंडावर, आंब्यावर हिरवा काटेरी असतो, पाठीवर निळा पट्टा, तो शिवला की लगेच विंचवागत आग. तुमचा तो नव्हे. तुमच्या केसाळांना पावशा पक्षी आवडीनं खातो, पण पन्नास एकट्यानं कुठले संपवणार!

अनगोळकर
मावशी, पट्टी उजेडात धरली, बारीक केसच केस. पंचा रोज धुतोय हो. पण वाळत घालायची दोरी त्या शेवग्यालाच बांधलीय! बनियनसुद्धा तिथंच. सगळं आता गरम पाण्यात घातलंय, दोरी गच्चीवर नेली. उद्या दुपारी खराटा. बायको म्हणते भाजी मात्र तूच निवडायची.