१२ दिवसांत सात देश ‘सहज’ होत नाहीत

रूळमोजणी

भटक्या७ यांनी परवा लिहिलं होतं: “१२ दिवसांत सात देश सहज होतात. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, आणि परतीचं विमान पॅरिसहूनच. रेल्वेचा पास काढा, रात्रीच्या गाड्या घ्या, मुक्कामाचे पैसे आणि दिवस दोन्ही वाचतात.” खाली लोकांनी धडाधड “जपून ठेवलं” लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. हे वाचून कोणी तिकिटं काढली तर फसेल.

बेरीज करा. पॅरिस–ब्रसेल्स १ तास २२ मिनिटं. ब्रसेल्स–अ‍ॅमस्टरडॅम दोन तास. अ‍ॅमस्टरडॅम–बर्लिन सहा. बर्लिन–प्राग सव्वाचार. प्राग–व्हिएन्ना चार. व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीन. झाले वीस तासांच्या वर. हा फक्त गाडीत बसण्याचा वेळ. दर वेळी पाठपिशवी भरा, हॉस्टेल सोडा, स्टेशन गाठा, उतरल्यावर नवं हॉस्टेल शोधा, ह्याला अडीच तास कमीच धरलेत. सहा वेळा म्हणजे १५. एकूण ३५ तास. दिवसाचे हिंडायचे तास दहा धरले तर साडेतीन दिवस इथेच गेले. पोचायचा आणि निघायचा दिवस वजा करा, बुडापेस्टहून पॅरिसला परत जाण्याचा एक वजा करा. उरतात साडेपाच दिवस, सात शहरांना.

आणि पॅरिसला परत कशासाठी? येताना एका शहरात उतरायचं, जाताना दुसऱ्यातून निघायचं असं एकच तिकीट निघतं. विमान कंपनीच्या पानावर ‘मल्टी-सिटी’ निवडा आणि परतीच्या तिकिटाशी तुलना करा. पुष्कळदा फरक इतका थोडा असतो की बुडापेस्ट–पॅरिसच्या स्वस्त विमानाचं भाडं आणि बॅगेचे पैसे धरले की उलट बचतच होते. त्यातलं एखादं स्वस्त विमान बोव्हेला उतरतं, म्हणजे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. दोन्ही तिकिटं वेगवेगळी असली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर मोठं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बुडतात.

भटक्या७

परतीचा मुद्दा मान्य. बुडापेस्टहूनच निघावं, तिथे माझं चुकलं.

बाकी तुमची बेरीज एका गृहीतकावर उभी आहे: देश म्हणजे मुक्काम. तसं नसतं. पॅरिसहून सकाळी निघा, ब्रसेल्स-मिडीला उतरा, पाठपिशवी लॉकरमध्ये टाका. मिडीहून सेंट्रलला मिळेल ती गाडी पकडा, पाचएक मिनिटांत पोचता. ग्राँ-प्लास हा जुना मुख्य चौक तिथून चालत. संध्याकाळी अ‍ॅमस्टरडॅम. ब्रसेल्स पाहिलं आणि हॉस्टेल एकदाही बदललं नाही. बर्लिन–प्राग वाटेवर ड्रेस्डेन, व्हिएन्ना–बुडापेस्ट करताना थोडी वाट वाकडी करून ब्रातिस्लाव्हा, दोन्हीकडे स्टेशनापासून जुनं गाव वीसेक मिनिटांच्या पायपिटीवर. ज्याला वर्षातून एकदाच रजा मिळते त्याला “तीन शहरं निवांत पाहा” सांगणं सोपं आहे. त्याला चाखून बघायचंय. पुढच्या वेळी कुठे राहायचं हे त्यातूनच ठरतं.

रूळमोजणी

ब्रसेल्सचं पटलं. पण हे तुम्ही मूळ पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, तिथे सात मुक्काम होते.

वाटेतल्या थांब्याला अट आहे. स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं. मध्ये मनाने उतरलात तर पुढचा प्रवास विनातिकीट. जर्मन रेल्वेच्या पानावर तिकीट काढतानाच मधला थांबा आणि किती वेळ थांबणार ते टाकता येतं, ते टाका.

पास असेल तर उतरण्याची मोकळीक आहे, पण “पास काढला की चिंता नाही” हे खोटं आहे. इंटररेल हा पास युरोपात राहणाऱ्यांसाठी, बाकीच्यांना युरेल. युरोस्टार ह्या वेगवान गाडीत पासधारकांसाठी जागा मोजक्या आणि आरक्षणाचे पैसे वेगळे. पॅरिस–ब्रसेल्स वेगाने थेट जायचं तर तेच करावं लागतं. ब्रसेल्स–अ‍ॅमस्टरडॅमला ‘युरोसिटी डायरेक्ट’ आहे, आरक्षणाची सक्ती नाही, मात्र ती सेंट्रलला जात नाही, अ‍ॅमस्टरडॅम झाउडला सोडते. हॉस्टेल मध्यभागी असेल तर तिथून मेट्रो. पासचं अ‍ॅप तीन दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर तपासनिसापुढे तिकीट उघडत नाही. सहा गाड्यांसाठी सात दिवसांचा पास घेण्याआधी सुट्या तिकिटांची बेरीज करा. प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट हा पट्टा लवकर काढला तर इतका स्वस्त पडतो की पासचे दोन दिवस तिथे घालवणं म्हणजे नुकसान.

तिसरा_बर्थ

रात्रीच्या गाडीबद्दल कोणीच काही बोलत नाही. सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. ह्या मार्गावर बर्लिन–प्राग सव्वाचार तास, प्राग–व्हिएन्ना चार. चार तासांच्या अंतराला रात्र घालवायची? गाडी पहाटे उतरवणार आणि हॉस्टेलची खाट दुपारी दोन-तीनला मिळणार.

भटक्या७

माझ्या डोक्यात अ‍ॅमस्टरडॅम–बर्लिन होतं. ब्रसेल्स–अ‍ॅमस्टरडॅम–बर्लिन–प्राग अशी युरोपियन स्लीपर आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून रात्री साडेदहाच्या सुमारास निघते, बर्लिनला सकाळी सहा-साडेसहाला. दिवसाचे सहा तास वाचले की नाही? हॉस्टेलवाले बॅग सकाळीही ठेवून घेतात.

तिसरा_बर्थ

नाही वाचले! मिनिटं मोजा. साडेदहाला गाडी, म्हणजे दहाला फलाटावर. हॉस्टेल सकाळी अकराला सोडलेलं, दिवसभर बॅग लॉकरमध्ये. सहा बर्थचा कूपे, सगळ्यांची पथारी लागेपर्यंत बारा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी परत सुरू केली आहे, त्यामुळे सीमेवरच्या बाड बेंटहाइम स्टेशनाच्या आसपास पोलिस चढले तर दिवे लागतात, पासपोर्ट काढा. बॅग पायथ्याशी आणि पासपोर्ट बॅगेच्या तळाशी असेल तर सहाही जण जागे. बर्लिनच्या अर्धा तास आधी उठायचं. झोप किती झाली? चार, फार तर पाच तास. साडेसहाला स्टेशनवर, आंघोळ नाही, संग्रहालयं दहाला उघडणार. संध्याकाळी सहाला माणूस खाटेवर आडवा. सहा तास वाचवले आणि आठ घालवले. लोकांना रात्रीची गाडी सुचवण्याआधी हे सगळं सांगा ना! नुसतं “पैसे वाचतात” काय लिहिता?

भटक्या७

कमी बर्थचा कूपे मिळतो, स्वतंत्र स्लीपर मिळतो. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात. पोलिस दर रात्री चढतातच असंही नाही. लाखो लोक झोपतात रात्रीच्या गाड्यांत, तुम्ही एक कूपे पकडून सगळ्या गाड्या बाद करताय.

तिसरा_बर्थ

स्वतंत्र स्लीपरचं भाडं बघा आणि मग “मुक्कामाचे पैसे वाचतात” हे वाक्य परत लिहून दाखवा. पास असला तरी बर्थचे पैसे वेगळेच असतात.

मी सगळ्या गाड्या बाद करत नाही. माझं गणित साधं आहे: गाडी कमीत कमी दहा तासांची हवी आणि उतरायची वेळ सकाळी आठनंतरची हवी. व्हिएन्ना–व्हेनिस, व्हिएन्ना–रोम ह्या तशा आहेत. अ‍ॅमस्टरडॅम–बर्लिन नाही.

फोरिंट

गाड्यांवर इतकं चाललंय आणि पैशावर कोणी बोलत नाही. सातपैकी पाच देशांत युरो, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. एटीएम किंवा कार्डयंत्र “तुमच्या चलनात घेऊ का?” विचारतं, तिथे दर वेळी नकार द्या आणि स्थानिक चलनच निवडा. होकार दिला की त्यांचा दर लागतो, तुमच्या बँकेचा नाही. पर्यटकांच्या गल्लीतलं एटीएम टाळा, बँकेच्या दाराशी असलेलं शोधा. आणि बुडापेस्टला विमानतळावर नेणाऱ्या १००ई बसला वेगळं तिकीट लागतं, शहराचा पास तिथे चालत नाही.

रूळमोजणी

उपयोगी आहे, पण विषय वेगळा. रात्रीच्या गाडीचं आधी संपवू.

पासवाल्यांसाठी एक नियम: रात्रीच्या गाडीला फक्त निघण्याचा दिवस मोजला जातो. पण सकाळी उतरून त्याच दिवशी दुसरी गाडी धरली तर तोही दिवस खर्ची पडतो. बर्लिनला उतरून दुपारी ड्रेस्डेन करू म्हणणाऱ्यांचा हिशोब इथे चुकतो.

आणि तिसरा_बर्थ यांच्याच गणिताने पाहिलं तर उत्तर समोर आहे. तीच गाडी पुढे प्रागला जाते, सकाळी अकराच्या सुमारास पोचते. बारा तासांच्या वर प्रवास, झोप पूर्ण, बर्लिनला कोणी उठवत नाही. दिवसाच्या गाडीने अ‍ॅमस्टरडॅम–प्राग करायला दहा तासांच्या वर जातात, तो दिवस खरोखर वाचतो. फक्त बर्लिन सोडायला हवं.

तिसरा_बर्थ

हे चालेल. सहा बर्थचा कूपे तरीही नको. रुळांच्या कामामुळे ह्या गाडीचा मार्ग आणि वेळा बदलतात, म्हणून प्रागला दुपारी दोनच्या आधीचं काहीही आरक्षित करू नका.

शिक्का

व्हिसा लागणाऱ्यांसाठी: ह्या सगळ्या देशांना मिळून एकच (शेंगेन) व्हिसा, अर्ज त्या देशाकडे जिथे सर्वांत जास्त दिवस. सगळीकडे सारखेच असतील तर जिथे पहिला प्रवेश, त्याच्याकडे. “अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते” म्हणून तिकडे अर्ज टाकायचा आणि आराखडा दुसराच ठेवायचा, हे करू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करणं टप्प्याटप्प्याने सुरू झालं, पहिल्या प्रवेशाला रांग लांबू शकते. उतरल्यावर दोन तासांतली गाडी आरक्षित करू नका.

भटक्या७

ठीक आहे, आराखडा बदलतो. पॅरिस २ रात्री, ब्रसेल्सला दिवसाचा थांबा, अ‍ॅमस्टरडॅम २, गाडीत १, प्राग २, व्हिएन्ना २, बुडापेस्ट २. एकूण ११ रात्री, १२ दिवस. बर्लिन गेलं, सहा देश राहिले. पॅरिसला पहिला प्रवेश, म्हणजे व्हिसा फ्रान्सचा. मूळ पोस्टमधला ‘सहज’ शब्द काढतो. पण “सहा देश म्हणजे नुसती धावाधाव” हे मी मानणार नाही, कारण हॉस्टेल फक्त चार वेळा बदलतंय.

रूळमोजणी

चार वेळा, बरोबर. आता वार बसवा, नाहीतर हेही फसेल. ती गाडी अ‍ॅमस्टरडॅमहून सध्या सोम, बुध, शुक्र अशा तीनच रात्री निघते, म्हणून आधी तिची तारीख पक्की करायची आणि मग विमान. शुक्रवारची धरली तर पॅरिसचा एकमेव पूर्ण दिवस मंगळवार येतो, आणि मंगळवारी लूव्र संग्रहालय बंद असतं. सोमवारची धरा. गुरुवारी पॅरिसला उतरा, शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं. शनिवारी ब्रसेल्स करून अ‍ॅमस्टरडॅम, रविवार पूर्ण तिथे, सोमवारी रात्री गाडी. मंगळवारी प्राग, गुरुवारी व्हिएन्ना, शनिवारी बुडापेस्ट, पुढच्या सोमवारी विमान.

भटक्या७

अ‍ॅन फ्रँक घर रविवारी मिळेल?

रूळमोजणी

मिळेल, पण तिकिटं फक्त ऑनलाइन. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची उघडतात. गाडीचं आरक्षण झालं की त्या रविवारपासून मागे मोजून तो मंगळवार कॅलेंडरात टाका, सकाळी दहा, अ‍ॅमस्टरडॅमच्या घड्याळाने.