मदत हवी आहे: गिरगावातल्या जुन्या वाचनालयाचं सुगम्यता ऑडिट

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाचं सुगम्यता ऑडिट, म्हणजे दिव्यांगांना इमारत कितपत वापरता येते याची तपासणी, करून घ्यायचं आहे. इमारत जुनी, भार भिंतींवर असलेली. व्हीलचेअरवरचे आमचे एक सभासद काका फुटपाथवर थांबतात, पुस्तकं बाहेर नेऊन द्यावी लागतात. त्यांना स्वतः कपाटासमोर बसून पुस्तक निवडता यायला हवं, आणि ते लवकर व्हायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारतीही येतात, हे कार्यकारिणीला पटलंय. प्रश्न आहे तो मोजमापाचा.

जोतं दीड फूट उंच. १:१२ उतार (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) धरला तर रॅम्प अठरा फूट लागतो आणि फाटकापर्यंत जागा आहे जेमतेम अकरा फूट. म्हणजे वळण घ्यावं लागणार, वळणावर व्हीलचेअर फिरेल एवढी सपाट जागाही हवी. एका कंत्राटदाराने 'थोडा चढा करू' म्हणून सुचवलं. मला ते अजिबात मान्य नाही, उतरताना खुर्ची सुटली तर?

शौचालयाचं दार आत उघडतं, रुंदी सव्वादोन फूट. दार रुंद करायला भिंत फोडायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं लागेल ना? दृष्टिहीन वाचकांसाठी काय काय तपासायचं, तेही कळत नाही.

मुंबईत असं ऑडिट केलेले आर्किटेक्ट कुणाच्या माहितीत आहेत का? साधारण खर्च किती येतो? आणि तुमच्यापैकी कुणी स्वतः व्हीलचेअर किंवा पांढरी काठी वापरत असाल, तर पाहणीला याल का? येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन वाचनालय देईल.