हसू आवरत नाही, मग थांबायला सांगायचं कसं?

उलटीछत्री: आमच्यात एक खेळ आहे. ठरवलेल्या वेळापुरता ताबा नवऱ्याकडे. मी हात डोक्यावर ठेवायचे, हलवायचे नाहीत, आणि तो गुदगुल्या करणार. कल्पना माझीच, मला मनापासून आवडतं, त्यामुळे ‘असल्या नवऱ्याला सोड’ छापाचे सल्ले नकोत. ‘नको, पुरे’ हे खेळातलंच, म्हणून सेफवर्ड, म्हणजे खरंच थांबवायचा ठरलेला शब्द, वेगळा आहे: ‘छत्री’. पण तो बरगड्यांपाशी पोचला की ‘छ’च्या पुढे आवाजच फुटत नाही. तो म्हणतो, तू तर हसत होतीस!

साधासरळ: ‘नको’ म्हणजे नकोच ठेवा की. कशाला गुंता?

उलटीछत्री: मग मजाच गेली. ‘नको’ म्हणूनही तो थांबत नाही, हेच तर मला हवं असतं.

काखेतलाकळसा: मीही गुदगुल्या करून घेणाऱ्यांपैकी, म्हणून लिहितो. त्याला आधी हे सांगा की हसण्यावर जायचं नाही. हसू आपोआप येतं, नकोसं झालं तरी येतच राहतं. हॉल आणि ॲलिन या मानसशास्त्रज्ञांनी 1897 मध्येच गुदगुल्यांचे दोन प्रकार केले होते. पीस फिरवल्यासारखी हुळहुळ म्हणजे निस्मेसिस, आणि काखा-बरगड्यांतली, खदखदून हसवणारी ती गार्गालेसिस. पहिल्यात बोलता येतं, तिथे तुमची छत्री चालेल. दुसऱ्यात श्वासच पुरत नाही, शब्द कुठून येणार?

तिथे मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरा. पडला की खेळ बंद, का पडला हे नंतर विचारायचं. चुकून पडला तरी बिघडत नाही, फुकटची विश्रांती मिळते. हाताने थोपटून इशारा द्या असं काही जण सांगतात. मला पटत नाही. हातपाय झाडत असताना कोणती थाप इशाऱ्याची हे कोण ओळखणार? आणि मध्ये मध्ये त्याने स्वतःहून पूर्ण थांबून ‘रंग?’ विचारावं. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे जरा हळू, लाल म्हणजे बंद. तुमचा श्वास परत येईपर्यंत उत्तराची वाट बघायची, घाई नाही. ताबा त्याच्याकडे, तर ही जबाबदारीही त्याचीच.

दमा असेल तर इनहेलर हाताशी. आधी लघवीला जाऊन या (हसू नका, पुढे कळेल).

गाठसुटेना: पुढे कधी हात बांधणार असाल तर मनगट आवळू नका, अंगठ्याच्या बाजूची नस दबते. मुंग्या आल्या किंवा बधिर झालं की लगेच सोडायचं. कात्री जवळ हवी आणि बांधलेल्या माणसाला एकटं टाकून जायचं नाही.

उलटीछत्री: जुडगा पसंत! नवरा विचारतोय, त्याच्या पायावर पडला तर?

काखेतलाकळसा: पडू दे. तेवढं तर त्यालाही सोसायला हवं.