मदत हवी आहे: बीपीच्या गोळ्या चालू असताना चिनी टॉनिकचा काढा

नमस्कार मंडळी,

मी सिंगापूरला असते. बाबा (वय ७१) सांगलीहून आमच्याकडे आलेत. बीपी जुनंच. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्र गोळी रोज सकाळी, शिवाय ॲस्पिरिन ७५. गोळ्या कधी चुकवत नाहीत, त्यामुळे बीपी १३०/८० च्या आसपास असायचं.

इथे आल्यावर त्यांना डेंगी झाला. ताप गेला, प्लेटलेट्स पूर्ववत झाल्या, डॉक्टरांनी थांबवलेली ॲस्पिरिनही परत सुरू केली, पण अशक्तपणा काही हटेना. ते पाहून शेजारच्या चिनी आंटींनी 'शी छ्वान दा बू' या टॉनिकच्या पुड्या आणून दिल्या. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात तितक्याच सहजपणे इथे आजारातून उठलेल्याला हे देतात, एरवी कोंबडीच्या सूपमध्ये उकळून. बाबा शाकाहारी, म्हणून आम्ही नुसत्या पाण्यात उकळतो. भूक खरंच परतली, बाबा खूश आहेत.

पण बीपी चढतंय. हल्ली सकाळी १५०/९४ च्या घरात असतं, घोट्यांवर सूज दिसते आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पुडीवरची यादी वाचली: दहा जिन्नस, त्यात जिनसेंग, दांगग्वेई, ह्वांगछी, दालचिनी आणि गान्त्साओ, म्हणजे ज्येष्ठमध. बाबा खोकल्यासाठी सांगलीहून आणलेला ज्येष्ठमधाचा काढाही घेतात.

हे सगळं ज्येष्ठमधामुळे असेल का? तेवढं वगळून टॉनिक चालू ठेवता येईल का? बंद केलं तर बीपी कधी उतरेल? आणि बाबांना कसं पटवू? 'झाडपाल्याने काय होतंय' म्हणतात. त्यांना बरं वाटतंय ते माझ्या हाताने काढून घ्यायचं, हे जिवावर येतंय.

---

प्रतिसाद १

ताई, मी फार्मासिस्ट आहे. आधी हे करा: टॉनिक आणि खोकल्याचा काढा, दोन्ही आजच थांबवा. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका, वाढवूही नका.

ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन असतं. आपल्या शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक असतं. मूत्रपिंडातलं एक एन्झाइम त्याला निष्क्रिय करत असतं. ग्लायसिरायझिन त्या एन्झाइमलाच अडवतं. मग कॉर्टिसोल मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. बीपी चढणं, सूज, गोळे हे तिन्ही त्यात बसतं. त्यात बाबांच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइडही पोटॅशियम घालवणारंच. टेल्मिसार्टन ते थोडं सावरून धरतं, पण त्या भरवशावर राहू नका. युरोपात ग्लायसिरायझिनची रोजची सुरक्षित मर्यादा साधारण १०० मिलिग्रॅम धरतात, तीही निरोगी माणसासाठी. घरच्या काढ्यात किती उतरतं हे मोजायची सोय नाही.

उद्याच डॉक्टरांकडे जा. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या, ईसीजीही काढा म्हणावं. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं. पुडी सोबत न्या, नुसतं 'हर्बल' सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. आणि केळी, नारळपाणी, पोटॅशियमचं मीठ असा भडिमार स्वतःहून करू नका, टेल्मिसार्टनवर पोटॅशियम उलट फार वाढूही शकतं.

छातीत दुखलं, धाप लागली, छाती अनियमित धडधडली, पायातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं किंवा बीपी १८०/१२० ला गेलं तर उद्याची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

बंद केल्यावर परिणाम ओसरायला दोनेक आठवडे लागू शकतात, कधी जास्तही. दोन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून 'टॉनिकचा संबंध नव्हता' असं ठरवू नका.

---

प्रतिसाद २

मीही सिंगापूरचाच. इथे चिनी वैद्यांना सरकारी नोंदणी लागते, २००० सालापासून तसा कायदा आहे. दुकानातून तयार पुडी आणण्यापेक्षा नोंदणीकृत वैद्यांना गोळ्यांची यादी दाखवा. ते माणूस बघून जिन्नस बदलतात, गान्त्साओ काढायला सांगता येतं. मधात भाजलेलं असलं तरी ज्येष्ठमध ते ज्येष्ठमधच.

दांगग्वेईचाही विचार करा. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ते घेतल्याने रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. बाबा ॲस्पिरिनवर आहेत, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको. दारूत मुरवलेली टॉनिकंही मिळतात, ती बीपीवाल्यांनी घेऊच नयेत.

---

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दोन्ही काढे थांबवलेत. बाबांना मूत्रपिंडाचं सगळं वाचून दाखवलं. सांगलीचा काढाही त्यातच मोडतो म्हटल्यावर नाराज झाले, पण तयार झाले. उद्या सकाळची वेळ घेतली आहे. एकच विचारते: वैद्यांकडे रिपोर्टच्या आधी गेलं तर चालेल?

---

प्रतिसाद १

रिपोर्ट आधी. पोटॅशियम जागेवर येऊन बीपी स्थिर होईपर्यंत कुठलंच नवं औषध नको, गान्त्साओ काढलेलंही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने काय झालं ते कळतं. भूक आली आहे ना? मग मुगाची खिचडी, भाकरी, डाळ, ताक द्या. लोणचं-पापड बंद. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसवून बीपी मोजा, लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. आंटींनाही सांगा, त्यांच्या घरी कुणी बीपीच्या गोळ्या घेत असेल तर उपयोगी पडेल.