सल्ला हवा आहे : बुटांच्या खोक्यात सापडलेली १९७९-८० ची हॉकी कार्डे

सातारकर_मिसिसॉगा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आईचे मिसिसॉगातील घर रिकामे करताना तळघरातल्या फडताळात बुटांचे एक खोके सापडले आणि त्यात १९७९ ते १९८२ या काळात मी जमवलेली, बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंची छापील कार्डे निघाली. आईने ती टाकून दिली असतील असे मी चाळीस वर्षे समजत होतो. तिने खोक्याला सुतळी बांधून वर माझे नाव लिहून ठेवले होते.

मी १९७८ साली, दहा वर्षांचा असताना, साताऱ्याहून कॅनडात आलो. साताऱ्यात मी काडेपेट्यांचे छाप जमवत असे आणि गल्लीतल्या मुलांशी त्यांची अदलाबदल करत असे, त्यामुळे इथल्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मुले भिंतीशी कार्डे उडवताना पाहिली तेव्हा हा खेळ मला लगेच कळला. ज्याचे कार्ड भिंतीच्या सर्वांत जवळ पडेल त्याने बाकीची उचलायची, एवढाच नियम होता आणि तो समजायला इंग्रजी लागत नव्हते. त्या वर्षी मला मिळालेले सगळे मित्र त्या भिंतीपाशी मिळाले.

खोक्यात मुख्यतः ओ-पी-ची या कॅनडातल्या कंपनीच्या १९७९-८० च्या संचातली कार्डे आहेत आणि त्यात १८ क्रमांकाचे, पुढे या खेळातला सर्वांत नामवंत खेळाडू ठरलेल्या वेन ग्रेट्स्कीचे पहिले कार्डही आहे. ते मला दुकानातल्या बंद पाकिटातून मिळाले नव्हते. १९७९ च्या डिसेंबरअखेर टोरोंटोच्या संघाने आपला खेळाडू लॅनी मॅकडोनाल्ड कोलोरॅडोच्या संघाला देऊन टाकला, आणि त्याचा निषेध म्हणून टोरोंटोचा कर्णधार डॅरिल सिटलर याने आपल्या जर्सीवरचे कर्णधारपदाचे ‘सी’ अक्षर उसवून काढले, हे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा आमच्या वर्गातला एक मुलगा अक्षरशः सुतकात होता. त्याला लॅनीचे कार्ड हवे होते आणि ते माझ्याकडे होते. बदल्यात त्याने एडमंटनच्या संघातल्या त्या अठरा वर्षांच्या मुलाचे, म्हणजे ग्रेट्स्कीचे, कार्ड दिले. मी घरी येऊन कार्डाच्या मागे खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘७-१-८०’ असे देवनागरीत लिहिले. तो आकडा अजून स्वच्छ वाचता येतो.

कार्डाचे दोन कोपरे दबलेले आहेत, डाव्या कडेवर गठ्ठ्याला बांधलेल्या रबराची खाच आहे आणि निळा रंग दोन-तीन ठिकाणी उडून खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो. पुतण्याचे म्हणणे असे की, पेन्सिलीची खूण खोडून कार्ड ताबडतोब ग्रेडिंगला, म्हणजे तपासून अवस्थेनुसार गुण देणाऱ्यांकडे, पाठवावे आणि विकावे. माझी नऊ वर्षांची नात मात्र रोज खोके उघडून बसते आणि तिलाही जमवायला सुरुवात करायची आहे. खूण खोडावी का, ग्रेडिंग करावे का, बाकीची कार्डे कशात ठेवावीत आणि नातीसाठी आज काय घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निळी_कडा

सातारकरसाहेब, सर्वप्रथम खोडरबर दूर ठेवा. खोडल्याने शिसे जाते, पण पुठ्ठ्याचा तंतू उठतो आणि तिरप्या प्रकाशात ती जागा लगेच दिसते. लिखाण असलेले कार्ड ‘खूण असलेले’ म्हणून कमी प्रतीचे ठरते हे खरे, मात्र खाडाखोड केलेले कार्ड ‘फेरफार केलेले’ ठरते आणि तसे कार्ड ग्रेडिंग करणारे प्रतवारी न देताच परत पाठवू शकतात. तुमच्या कार्डावर रबराची खाच आहेच, त्यामुळे खूण काढून वरची प्रत मिळण्याची शक्यता नाही. मिळणार काही नाही आणि जाईल ते मात्र कायमचे जाईल.

आता कार्ड कोणते आहे ते पक्के करून घ्या. त्या वर्षी ग्रेट्स्कीचे कार्ड दोन कंपन्यांनी काढले आणि दोन्हींचा क्रमांक १८ च होता. अमेरिकेतल्या टॉप्सच्या संचात २६४ कार्डे होती, तर ऑन्टारियोतल्या लंडन शहरात असलेल्या ओ-पी-चीच्या संचात ३९६. मागचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत असेल तर कार्ड ओ-पी-चीचे आहे, केवळ इंग्रजीत असेल तर टॉप्सचे. ओ-पी-चीची कापणी ओबडधोबड असे, त्यामुळे तिच्या कार्डांच्या कडा पाकिटातून काढल्या काढल्याच खरबरीत दिसत. नवीन संग्राहक अशी कड पाहून घाबरतात, पण जाणकार माणसाला उलट चाकूने कापल्यासारखी गुळगुळीत कड दिसली की संशय येतो, कारण खराब कोपरे छाटून कार्ड ‘नवे’ करणारे लोकही आहेत.

तुमचे कार्ड स्वतः मिळवलेले आहे, त्यामुळे खरेपणाचा प्रश्न नाही. तरीही हा धागा वाचून कोणी हे कार्ड विकत घ्यायला निघाले, तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतो की, याच्या नकला अनेक वर्षांपासून बाजारात आहेत. भिंगाखाली चित्राचा भाग वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांच्या नियमित जाळीने बनलेला दिसला पाहिजे आणि काळी अक्षरे सलग, भरीव दिसली पाहिजेत. अक्षरेही ठिपक्यांची दिसली, तर ते कार्ड छापील कार्डावरून पुन्हा छापले आहे असे समजावे.

किमतीबद्दल पुतण्याने काय वाचले असेल याचा अंदाज आहे. या कार्डाची दहापैकी दहा गुणांची प्रत डिसेंबर २०२० मध्ये १२.९ लाख अमेरिकी डॉलरला आणि २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरला गेली. हे आकडे खरे आहेत, पण तशा ओ-पी-ची प्रती जगात दोनच आहेत. कारण तुम्ही स्वतः लिहिलेच आहे : गडद निळी किनार. पांढऱ्या किनारीवर खरचटलेले दिसत नाही, निळीवर टाचणीच्या टोकाएवढा रंग उडाला तरी डोळ्यांत भरतो. तुमच्या वर्णनावरून प्रत खालच्या श्रेणीत बसेल. तरीसुद्धा ओ-पी-चीच्या ग्रेट्स्कीला अशा अवस्थेतही शेकडो डॉलर मिळतात, म्हणून हे एकच कार्ड ग्रेडिंगला द्यायला हरकत नाही, कारण बंद कवचात ते सुरक्षित राहील आणि विम्यासाठी कागदही होईल. बाकीची पाठवू नयेत, त्यांत ग्रेडिंगचा खर्चसुद्धा निघणार नाही. टोरोंटो परिसरात वसंतात आणि शरदात कार्डांचे मोठे मेळे भरतात. तिथे चार जाणत्या विक्रेत्यांना कार्ड आधी प्रत्यक्ष दाखवावे. पहिल्याच दिवशी पहिल्याच टेबलावर विकू मात्र नये.

कागदवाली_ओटावा

दादा, मी जुन्या कागदांच्या जतनाचे काम करते, म्हणून फक्त साठवणीबद्दल लिहिते. ते खोके आजच तळघरातून वर आणा. इथल्या तळघरांत उन्हाळ्यात ओल धरते, हिवाळ्यात भट्टी सुरू झाली की हवा कोरडी होते, आणि या चढउतारानेच पुठ्ठा वाकतो. घरातल्या आतल्या खोलीतले, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले कपाट उत्तम.

रबरे काढताना ओढू नका. जुने रबर वितळून कार्डाला चिकटलेले असते. ते कात्रीने दोन ठिकाणी कापून, जेथे सुटेल तेथूनच सोडवा आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या. प्रत्येक कार्डाला पातळ प्लास्टिकचे पाकीट घाला आणि महत्त्वाची कार्डे पाकिटासह टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या कवचात, ठेवा. नऊ कप्प्यांची पाने घेणार असाल तर ती पॉलिप्रॉपिलीनची आहेत हे वेष्टनावर वाचून घ्या. १९८० च्या सुमाराची मऊ, उग्र वास येणारी पीव्हीसीची पाने कोणी प्रेमाने दिली तरी वापरू नका, त्यांतला तेलकट अंश छपाईला चिकटतो. पाकिटात सोबत येणाऱ्या च्युइंगगमचा डाग असलेल्या कार्डांना पाणी, साबण किंवा कापूस लावू नका. तो डाग तुमच्या कार्डांचा भाग झाला आहे.

आणि पेन्सिलीच्या तारखेबद्दल वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आमच्याकडे कोणी असा कागद आणला, तर आम्ही आधी ती तारीख नोंदवून घेतो. खोक्यावरचे आईंचे अक्षर आणि ती सुतळी यांचेही फोटो काढून ठेवा, आणि झाकण टाकू नका.

विनिपेगचा_बाळ्या

काका, मी तुमच्या पुढच्या पिढीचा. माझे जमवणे १९९०-९१ साली सुरू झाले, ज्या वर्षी अपर डेक, प्रो सेट, स्कोअर, बोमन, ओ-पी-ची प्रीमियर अशी एकामागून एक नव्या कार्डांची पाकिटे दुकानात आली. मी वर्तमानपत्रे टाकून मिळालेले सगळे पैसे त्यांत घातले, कारण आमच्या भागातल्या एका दुकानदाराने वडिलांना सांगितले होते की, पोराच्या कॉलेजची सोय या पाकिटांच्या बंद डब्यांतून होईल. वडिलांनी विश्वास ठेवला आणि स्वतःच्या पगारातूनही डबे घेतले. कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली होती की ते डबे आजही जवळपास त्याच भावात मिळतात. वडिलांच्या त्या पैशांचे मला आजही वाईट वाटते. म्हणून नातीला काहीही घेऊन देताना ‘पुढे किंमत येईल’ हे वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका अशी कळकळीची विनंती.

तिच्यासाठी अपर डेकच्या चालू मोसमातल्या पहिल्या मालिकेची थोडी पाकिटे घ्या. त्यात ‘यंग गन्स’ नावाने नवोदित खेळाडूंची कार्डे असतात. क्रॉस्बी आणि मॅकडेव्हिड या नामवंत खेळाडूंची अनुक्रमे २००५-०६ ची आणि २०१५-१६ ची पहिली कार्डे त्याच मालिकांतली, आणि दोघांचाही क्रमांक २०१, हे मुलांना फार आवडते. शरद ऋतूत टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांतही कार्डांची पाकिटे मिळतात, शाळेतली बहुतेक मुले तीच जमवतात, म्हणजे अदलाबदलीला सोबती मिळतील. सोबती नसतील तर मूल महिन्याभरात कंटाळते.

आणखी एक सुचवतो. माझी मुलगी भारतीय वंशाच्या खेळाडूंचे वेगळे पान करते. १९८९ साली वॉशिंग्टनकडून खेळलेला रॉबिन बावा हा एनएचएल या इथल्या मुख्य हॉकी लीगमधला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू, त्यानंतर मॅनी मल्होत्रा, जुझार खैरा आणि आता व्हँकुव्हरचा अर्शदीप बैंस. यातली बहुतेक कार्डे दुकानातल्या ‘कोणतेही घ्या’ डब्यात अगदी किरकोळ पैशांत मिळतात. शोधण्यात अख्खा शनिवार जातो. स्त्रियांची व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तिचीही कार्डे निघतात, तीही दाखवा.

सातारकर_मिसिसॉगा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागचा मजकूर दोन्ही भाषांत आहे, म्हणजे कार्ड ओ-पी-चीचेच आहे. खूण खोडणार नाही, हे पुतण्यालाही सांगितले. तो वरचे प्रतिसाद वाचून गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच टॉपलोडर घेऊन आला.

एक शंका राहिली. संचातल्या चेकलिस्टच्या, म्हणजे सगळ्या कार्डांची यादी छापलेल्या, कार्डांवर मी निळ्या बॉलपेनने फुल्या मारल्या आहेत, आणि दुबार कार्डांच्या मागे ती ज्या मुलाला द्यायची त्याचे आद्याक्षर देवनागरीत लिहिले आहे, वर्गात कोणाला वाचता येऊ नये म्हणून. ही कार्डे बदलून कोरी घ्यावीत का?

निळी_कडा

कोऱ्या चेकलिस्टला मागणी असते ती याचसाठी, की त्या काळात जवळजवळ प्रत्येक मुलाने पेन चालवले होते. विकायला संच पूर्ण करत असाल तर कोरी घ्यावी लागेल. स्वतःसाठी करत असाल तर तुमचीच वापरा आणि नातीला पुढच्या फुल्या मारू द्या.

सातारकर_मिसिसॉगा

ग्रेट्स्की ग्रेडिंगला पाठवणार आहे, विकणार नाही. संच पूर्ण करायचे ठरले आहे. नातीने काल रात्री जेवणाच्या टेबलावर सगळी कार्डे क्रमाने लावली, तेव्हा ३९६ पैकी ७१ कमी भरली. पहिली फुली तिने माझ्या हातात पेन देऊन मलाच मारायला लावली.

जी नाहीत त्यांत १७५ क्रमांकाचे, गॉर्डी हाउ या जुन्या दिग्गज खेळाडूचे आहे. ते माझ्याकडे होते आणि भिंतीपाशी हरले, तो दिवस मला आठवतो. हाउ त्या मोसमात एक्कावन्न वर्षांचा होता आणि हार्टफर्डच्या संघाकडून सगळेच्या सगळे ८० सामने खेळला. ग्रेट्स्कीचे पहिले आणि हाउचे खेळाडू म्हणून शेवटच्या मोसमातले कार्ड एकाच संचात आहे, हे त्या वयात कोणाला ठाऊक होते? कोणाकडे जादा असल्यास कळवावे. माझ्याकडे सिटलर तीन आहेत.

कागदवाली_ओटावा

दादा, माझ्या यजमानांकडे १७५ दोन आहेत, त्यातल्या एकाचा वरचा उजवा कोपरा दुमडलेला आहे. तुमच्या नातीला चालत असेल तर सिटलरशी अदलाबदल करायला ते तयार आहेत. सिटलरच्या मागे तुमचे एखादे आद्याक्षर असेल, तर तेच पाठवा.